ताईच्या आधी ताईचा आवाज

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, तिच्या घरातल्या सामानाच्या खोलीत.

ताई ऑडिओबुकं वाचते. आवाजावरच तिचं पोट आहे. भिंतींना गाद्या टेकवून तिने त्या खोलीत स्टुडिओ थाटलाय आणि सगळी जोडणी तिच्या दिराने करून दिलीय. हे भाऊजी साउंड रेकॉर्डिस्ट आहेत. माणूस हुशार, पण कुणाची कधी फिरकी घेतील याचा नेम नाही.

त्या दिवशी ताई वैतागली होती.

"भाऊजी, माझाच आवाज मला मागून ऐकू येतोय. जीभ अडखळते हो."

"लेटन्सी आहे, वहिनी. आवाज कॉम्प्युटरमधून फिरून येतो, म्हणून उशीर. आता माइकमधून थेट हेडफोनात देतो."

ते दाराबाहेर टेबलाशी बसले. रेकॉर्डिंग सुरू झालं. ताई वाचू लागली.

उशीर गेला होता...

पण दुसरा आवाज गेला नव्हता.

"अहो, दोन-दोन आवाज येतायत!"

"कॉम्प्युटरचा बंद करायचा राहिला. चुकलंच माझं."

आता एकच आवाज. स्वच्छ. तिचाच...

फक्त तिच्या जरा आधी.

शब्द ओठांवर यायच्या आत कानात वाजत होता. भाऊजींचा चावटपणा, ताईला वाटलं. जुनं रेकॉर्डिंग लावलं असणार.

पण हे पान ती पहिल्यांदाच वाचत होती.

ती मुद्दाम गप्प बसली.

कानात तिचाच आवाज म्हणाला, "अगंबाई, दूध उतू गेलं!"

गॅसवर ठेवलेलं दूध ती साफ विसरली होती. ही पण थट्टाच, म्हणून ती तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला... आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, दूध उतू गेलं!"

शब्द न् शब्द तोच.

गॅस बंद करून तिने भाऊजींना फैलावर घेतलं. "पुरे झाली हं थट्टा!"

"मी कसली थट्टा करतोय? तुम्हीच माझी फिरकी घेताय, वहिनी!"

दोघंही एकमेकांकडे संशयाने बघत होते. शेवटी भाऊजींनी तिच्यादेखत माइकची तार उपटली. "घाला आता हेडफोन. काही येतंय?"

आधी काहीच नाही...

मग रडणं. तिचंच.

"भाऊजी... हे उठतच नाहीयेत."

ताईने हेडफोन भिरकावले. ती नवऱ्याला अरे-तुरे करते. "हे" म्हणते ती फक्त दिराशी बोलताना. तिने नवऱ्याला फोन लावला.

"अगं, कामात आहे. काय झालं?"

तो ठणठणीत होता. आजही आहे. पण दूध लगेच उतू गेलं होतं. हे कधी घडेल, ते कुणाला ठाऊक?

तेव्हापासून ताई दिराशी एक अक्षर बोलत नाही. मेसेज टाकते. घरच्यांना वाटतं, भांडण झालंय.

"ते वाक्य मी बोललेच नाही, तर ते घडेलच कसं?" ती मला म्हणाली. तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

मग एकदा भाऊजींनी मला गाठलं. त्या दुपारचं रेकॉर्डिंग लावलं. तार उपटल्यानंतरचा भाग.

बराच वेळ शांतता...

मग भाऊजींचाच आवाज, फोनवर बोलल्यासारखा. धाप लागलेला.

"वहिनी? बोला ना... बरं, नका बोलू. कळलं मला. मी निघालोच."

त्या दुपारी भाऊजी असं काही बोललेच नव्हते.

"वहिनींना सांगू का?" त्यांनी विचारलं.

मी नको म्हटलं. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.