नसलेल्या जागी हिरवा उजेड

तिच्या थोरल्या भावाचं लग्न मोडलं आणि चारच महिन्यांत त्याच मुलीशी पुन्हा जुळलं, त्या वर्षातली ही गोष्ट. घरात कुणाचा कुणाला मेळ नव्हता. प्रयोगशाळेत तिचं डोकंही तसंच चक्रावलेलं.

जेवण झालं की आतड्यातून एक हार्मोन निघतं आणि ‘आता पुरे’ असा निरोप नेतं. तो निरोप घेणारा रिसेप्टर शरीरात कुठे कुठे आहे, हे ती तीन वर्षं शोधत होती. इवल्या बाटलीतली अँटिबॉडी त्याला चिकटली की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा उजेड दिसायचा. उंदराच्या हृदयात तिला तो दिसला होता. सगळा प्रबंध त्यावर उभा होता. पण आकडे रोज वेगळे.

थंड खोलीच्या दारात ती बाटलीला रागे भरत होती, तेवढ्यात तो समोर आला. अवयवांचे पातळ काप करून काचपट्टीवर बसवणारा. त्याला सगळे पापुद्रे म्हणत.

“बाटलीशी भांडण?”

“माणसं उत्तर देत नाहीत म्हणून.”

“विचारून तर बघा...”

मग ती रोजच काहीबाही विचारायला लागली. त्याच्या नजरेत काही आहे, की आपल्यालाच दिसतंय? कळेना.

एके दिवशी तो म्हणाला, “ज्या उंदराला जन्मतःच रिसेप्टर नाही, त्याचेही काप तुमच्या पट्ट्यांत मिसळतो. पट्ट्यांवरची नावं झाकतो. तुम्ही नुसतं मोजा.”

तिने मोजलं. त्याने नावं उघडली. रिसेप्टर नसलेलं हृदयही तितकंच हिरवं होतं.

“म्हणजे ही बया कुणालाही चिकटते,” ती म्हणाली. तीन वर्षं पाण्यात गेली होती.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. “पट्ट्या माझ्याकडून बदलल्या असं लिहा.”

“बदलल्या का?”

“नाही.”

“नोकरी जाईल तुमची.”

“दुसरी मिळेल. तुमची तीन वर्षं कुठून आणायची?”

तिला राग आला... की दुसरंच काही? डोळे भरले एवढं खरं. आजवर कधी पट्टी न चुकलेला माणूस चूक अंगावर घ्यायला निघाला होता.

“नाही लिहिणार,” ती म्हणाली. “खरं तेच लिहीन. आणि सगळं पहिल्यापासून करीन. काप कोण करणार?”

“मीच की.”

“वेळ लागेल.”

“किती?”

“ते... मलाही माहीत नाही.”

“मग नोकरी सोडता येणार नाही म्हणायची,” तो म्हणाला आणि पहिल्यांदाच नजर न चुकवता हसला.

प्रबंध दोन वर्षं लांबला आणि निम्मा झाला; ती अँटिबॉडी भरवशाची नाही, एवढंच त्यात ठाम होतं. “आमच्यासारखं मोडून जुळवू नका हं,” दोघांचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीने चिडवलं. त्यांनी मोडलं नाही.

पापुद्रे वारले ते लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी, धाकट्या लेकीचा निकाल लागला त्या आठवड्यात, सकाळी, हृदय बंद पडून.