विहिरीतून काढलेला चंद्रभान

सिंदी मेघेतल्या दवाखान्यात चंद्रभान येऊन बसला, तेव्हा डॉक्टर ज्योत्स्नाला वाटलं, झोपेची गोळी मागायला आलाय. आंजीला वांगी-टमाटे पिकवणारा, चाळिशीतला, बिनलग्नाचा, आईजवळ राहणारा माणूस. त्यानं आधी दार लावायला सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, माह्यं मन लहान लेकरांकडे जाते. हात कधी लावला नाई. पण आता बहिणीची पोरगी शाळेसाठी आमच्याकडे राहाले येऊन राह्यली. मले भेव वाटते. असा काऊन झालो मी?"

ज्योत्स्ना दचकली नाही. असा माणूस आपल्या पायानं क्वचितच येतो, हे तिला ठाऊक होतं.

"हा मनाचा आजार आहे. एकच एक कारण कुणाला सापडलेलं नाही. कुणी मेंदूची घडण म्हणतं, कुणी लहानपणी डोक्याला बसलेला मार, कुणी लहानपणी सोसलेला अत्याचार. अशांमध्ये डावखुरे थोडे जास्त दिसतात, म्हणून काहीजण जन्माआधीचं कारण शोधतात. पण कारण काहीही असो, वागणं तुमच्या हातात आहे. औषध सुरू करू. पोरगी तुमच्याकडे राहणार नाही. तुमची हरकत नसेल तर तुमच्या आईशी मी बोलते."

"बोला," तो म्हणाला. "मी डावखुराच हाय. लहानपणी इहिरीत पडलतो."

सगळं नीट जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आंजीला गेली. चंद्रभानच्या आईनं, कुंताबाईनं, सगळं ऐकून घेतलं. पोरीला वसतिगृहात ठेवायला तिनं लगेच होकार दिला. मग म्हणाली, "पडला तवा उजव्या हातानं जेवत होता, बाई. काढला तवा डावखुरा."

"डोक्याला मार लागला की होतं असं, मावशी."

फडक्यात भाकर घेऊन म्हातारी विहिरीकडे निघाली. ज्योत्स्ना मागोमाग गेली.

पाणी खोल होतं, हिरवं. कुंताबाईनं भाकर टोपलीत ठेवली आणि दोरानं टोपली पाण्यालगतच्या कपारीपर्यंत सोडली.

"कोणासाठी?" ज्योत्स्नानं विचारलं.

कुंताबाई दोर धरून खाली कपारीकडे पाहत राहिली. पलीकडे चंद्रभान वांग्यात निंदणी करत होता. त्यानं इकडे पाहिलं नाही.

दोर हलला.

"पारवा असेल कपारीत," ज्योत्स्ना म्हणाली.

कुंताबाईनं टोपली वर ओढली. अर्धीच भाकर उरली होती. ज्योत्स्नानं ती हातात घेतली. कडेला दातांचे ठसे होते, बारीक, एकसारखे. पुढच्या दोन दातांची जागा तेवढी रिकामी.

"इहिरीत पडला त्याच हप्त्यात पडलते माह्या चंद्रभानचे ते दुधाचे दात," कुंताबाई म्हणाली. "नवे अजून आले नाई."