पेटीच्या दारावरचे ठिपके

"कोण हाय तो? एकदा हाताला लागू दे! त्याच्याकडून अख्खी आळी घासून घेतो का नाय, बघा!"

सकाळी सात वाजता महिपतीमामाचा आवाज परसात घुमला आणि समीक्षा चहाचा कप तसाच टाकून बाहेर धावली. दिवाळीच्या सुट्टीसाठी पेणहून वरश्याला मामाकडे येऊन तिला जेमतेम एक रात्र झाली होती. येताना तिने मनाशी खूप बेत आखले होते, पण सकाळी सकाळी आरडाओरडा ऐकण्याचा बेत त्यात मुळीच नव्हता!

मामा मधमाश्यांच्या पेटीसमोर उकिडवा बसून ब्रशने खसाखसा घासत होता. शेजारी पाण्याची बादली. पेटीच्या दाराभोवती, म्हणजे माश्या ज्या फटीतून ये-जा करतात तिच्याभोवती, तपकिरी ठिपकेच ठिपके होते.

मामाला स्वच्छतेचं भारी वेड. सायकलच्या तारासुद्धा तो एकेक करून पुसायचा. शांतीमामी तर म्हणायची, "यांच्यासमोर दोन मिनिटं गप्प उभं राहू नका, तुम्हालापण पुसून काढतील!" त्यात आता दिवाळी. मग काय विचारता!

"कोंबडीची घाण हाय ही," मामा म्हणाला. "आठ दिवस झाले. मी रोज घासतो आणि रोज कोणतरी परत लावून जातं. आता कोंबड्या कोणाकडं हायत, ते मी सांगायला नको!"

कोंबड्या कुंपणापलीकडे होत्या, अमीनाचाचीकडे. आणि अमीनाचाचीची मुलगी हफ्सा म्हणजे समीक्षाची जिवाभावाची मैत्रीण.

"मामा, हफ्सा असं करेल? अरे, हे मोहोळ तिनेच वाचवलंय!"

ते खरंच होतं. गेल्या दिवाळीत हे मोहोळ हफ्साच्या घराच्या विजेच्या मीटरमागे लागलं होतं. एक माणूस धूर करून ते जाळायलाच निघाला होता. हफ्सा त्याच्या आडवी उभी राहिली आणि मामा पेटी घेऊन येईपर्यंत जागची हलली नाही.

"मी कुठं नाव घेतलं कोणाचं?" मामा जरा वरमला. "पण पेटीजवळ रोज येऊन बसते तीच. माश्यापण कमी होत चालल्यात. मला शेजाऱ्यापाजाऱ्यांशी भांडण नको. रविवारी गागोद्याचा मधपेट्यावाला जगन येतोय, त्याला पेटी देऊन टाकतो. मिटलं!"

कुंपणापलीकडे दाणे टाकणारा हात थांबला. हफ्साने सगळं ऐकलं होतं.

दहा मिनिटांनी पेंढ्याच्या उडवीमागे सभा भरली. समीक्षा, हफ्सा आणि मामाचा अकरा वर्षांचा ऋत्विक. ऋत्विकच्या हातात चकल्यांचा डबा होता, कारण रिकाम्या पोटी त्याचं डोकं चालत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. भरल्या पोटीही फारसं चालत नाही, असं समीक्षाचं म्हणणं होतं.

"मी नाय केलं गो," हफ्सा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "काका मला चोर समजतात. आता पेटी पण जाणार."

"रडू नको. आज गुरुवार. आपल्याकडे तीन दिवस आहेत," समीक्षा म्हणाली. "ऋत्विक, मामीच्या रांगोळीचा डबा आण!"

"आता रांगोळी काढणार? या वेळेला?"

"काढणार नाही रे, पसरणार! जो कोणी येईल त्याचं पाऊल उमटेल."

मामा कंपनीत शिफ्टला गेल्याबरोबर तिघांनी घासूनपुसून लख्ख केलेल्या पेटीभोवती चांगली हातभर रुंद रांगोळी पसरली आणि मागच्या ओट्यावर ठाण मांडलं. बारा वाजले. एक वाजला. कोणी फिरकलं नाही. दोन वाजता समीक्षा बघायला गेली आणि किंचाळलीच.

"ठिपके! सात नवे ठिपके!"

रांगोळीवर पाऊल सोडाच, मांजराचं नखही उमटलेलं नव्हतं!

"भूत!" ऋत्विक म्हणाला आणि डबा घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"भुताला काय दुसरा धंदा नाय का रे?" हफ्सा म्हणाली. ती पेटीकडे टक लावून बघत होती. "थांबा. ती माशी बघा. तिच्या तोंडात काय हाय?"

एक माशी दारावर उतरली होती. पायांना पराग नव्हता, पण तोंडात तपकिरी गोळा होता. तिने तो फळीला चिकटवला, तोंडाने दाबून दाबून बसवला आणि आत निघून गेली. आठवा ठिपका तयार!



"शी! मी हिचा मध खाल्लाय!" ऋत्विक ओरडला.

"मध आत असतो, हे बाहेर आहे," समीक्षा म्हणाली. "पण मामाला नुसतं सांगून पटणार नाही. पुरावा पाहिजे."

पुराव्याची युक्ती हफ्साची. तिने कपड्यांची नीळ आणली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागच्या ओल्या घाणीवर शिंपडली. संध्याकाळपर्यंत पेटीच्या दारावर तीन निळे ठिपके झळकत होते! समीक्षाने मामीच्या मोबाइलवर रांगोळीचे, ठिपक्यांचे आणि गोळा आणणाऱ्या माशीचे फोटो काढून ठेवले. ते बरंच झालं, कारण शुक्रवारी सकाळी मामाने निळे-तपकिरी सगळेच ठिपके घासून टाकले आणि वर "आता रंगपण लावायला लागले!" म्हणून बडबडत कामाला गेला.

"माश्या असं करतात तरी कशाला?" हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्याचं उत्तर नऊ वाजता स्वतःच उडत आलं.

घर्रर्र! अंगठ्याएवढ्या दोन गांधीलमाश्या पेटीसमोर घिरट्या घालू लागल्या. एक सरळ स्वच्छ दारावर उतरली, फटीची कड करकरा कुरतडायला लागली आणि पुढे आलेली मधमाशी तिने उचलून नेली. पाठोपाठ दुसरी आली. मग परत पहिली!

"आत जा गं, आत जा!" हफ्सा ओट्यावरून कळवळून ओरडत होती. जवळ जायची मात्र सोय नव्हती. समीक्षाने मोबाइलवर टिपता टिपता मोजलं, तासाभरात अकरा माश्या गेल्या. 

"मला कळलं!" ती एकदम म्हणाली. "ते ठिपके म्हणजे माश्यांचा पहारा आहे! घाणीमुळे गांधीलमाश्या दारावर उतरत नसणार. आणि मामा रोज सकाळी तो पहाराच धुऊन टाकतो!"

"मग उद्या पप्पांना धुवायलाच द्यायचं नाय," ऋत्विक शांतपणे म्हणाला. रिकाम्या पोटी त्याचं डोकं चाललं, ही त्या सुट्टीतली पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळी ब्रश गायब झाला. मामाने मोरी बघितली, माळा बघितला, पलंगाखाली वाकून बघितलं. "माझा ब्रश कुठं गेला?" "असेल इथंच कुठंतरी, पप्पा!" तेवढ्यात कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला आणि मामा चरफडत पळाला. ब्रश पेंढ्यात सुखाने झोपला होता.

त्या दिवशी दुपारपर्यंत दार ठिपक्यांनी भरून गेलं. गांधीलमाश्या आल्या. घिरट्या घातल्या, जवळ गेल्या, मागे फिरल्या. एकही दारावर उतरली नाही! समीक्षाने सगळं मोबाइलवर टिपलं.

रविवारी जगनकाका रिकामी गोणी आणि दोरी घेऊन हजर झाले. मामा पेटी उचलणार, एवढ्यात समीक्षा मध्ये आली.

"मामा, फक्त पाच मिनिटं. आधी हे बघ."

मामाने मोबाइल हातात घेतला. रांगोळी, निळे ठिपके, तोंडात गोळा घेऊन येणारी माशी. मग शुक्रवारचं स्वच्छ दार आणि शनिवारचं घाण दार. बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे... माझ्या माश्या मीच मारल्या?"

"मुद्दाम नाय, पप्पा. घासून घासून," ऋत्विक म्हणाला.

जगनकाकांनी दोनदा व्हिडिओ बघितला. "वीस वर्षं पेट्या सांभाळतोय मी. आमच्याकडंपण असे ठिपके दिसले होते. मीपण धुऊनच टाकले, आणि दोन पेट्या रिकाम्या झाल्या. शाबास रे पोरांनो! महिपती, ही पेटी मी नाय नेत. तिला सांभाळणारी माणसं हितंच हायत."

मामा तसाच उठला आणि कुंपणाशी गेला. पलीकडे अमीनाचाची आणि तिच्यामागे हफ्सा उभी होती.

"भाभी, मी तुमच्या पोरीवर आळ घेतला," तो म्हणाला. नेहमी गावभर ऐकू जाणारा त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हफ्सा, चुकलो गो मी. तू वाचवलेलं मोहोळ मी घालवायला निघालो होतो."

 हफ्साने ओढणीने डोळे पुसले आणि आईकडे बघितलं.

"जा की गो," अमीनाचाची हसून म्हणाली. "काय बघते माझ्याकडं?"

हफ्सा फाटक ढकलून धावत आली आणि समीक्षाच्या शेजारी उभी राहिली. समोर एक माशी तोंडात गोळा घेऊन दारावर उतरली. मामाचा हात सवयीने खिशातल्या फडक्याकडे गेला. त्याने तो तसाच मागे घेतला आणि पाठीशी घट्ट धरून ठेवला.