सड्यावरचा वऱ्हाडी

लवूच्या लग्नाला आम्ही मुहूर्तावर पोचलो, हे आधीच सांगून टाकतो. पन्नास माणसांच्या साक्षीने पोचलो. कसे पोचलो, ते मात्र आजवर कोणाला धड पटलेलं नाही.

साल एकसष्ट, वैशाख. वऱ्हाड आदल्या दिवशीच लॉरीने मालवणहून जामसंड्याला गेलं होतं. लवूने लष्करातून निघालेली जुनी मोटारसायकल घेतली होती आणि मांडवात तिच्यावरूनच उतरायचं, हा त्याचा हट्ट. मागे बसायला मी, गुरुदास, त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुलीचे वडील भाई म्हणजे जमदग्नीचा अवतार. "मुहूर्त टळलो तर लगीन मोडला," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. आणि लवूचा सुशीलावर जीव होता.

उशीर झाला तो माझ्यामुळे, हे कबूल करतो. तोंडवळीला समुद्रात गादे, म्हणजे डॉल्फिन, उड्या मारत होते. मी गाडी थांबवायला लावली. आचऱ्याच्या खाडीत पाणमांजरांची पिल्लं लोळत होती. पुन्हा थांबलो. होडीतून गाडी पलीकडे नेली, तोवर अकरा वाजत आले, आणि मुहूर्त बाराचा.

पुढे सडा लागला. मैलोन् मैल काळा कातळ, झाड नाही, वर ऊन नुसतं ओतलेलं. तिथे वाटेकडेला सुक्या डहाळ्यांचा ढीग आहे. कोणी एक वाटसरू उन्हाने तिथे पडून मेला. त्याचं नावगाव कोणाला ठाऊक नाही. येणाऱ्याजाणाऱ्याने एक हिरवी डहाळी त्याच्यावर टाकायची, त्याला सावली व्हावी म्हणून. बैलगाडीवालासुद्धा खाडीवरून डहाळी तोडून आणतो. आम्ही विसरलो होतो.

"लव्या, थांब. मागे जाऊन एक डहाळी घेऊन येवया."

"उतरू नको रे! येताना दोन टाकूया."

आम्ही तसेच पुढे गेलो. फर्लांगभरही गेलो नसू, गाडी कण्हायला लागली.

"गुरू... गाडी कित्याक जड झाली?"

माझ्या पाठीला काहीतरी टेकलं होतं. भर वैशाखात कुजलेल्या ओल्या पाल्याचा वास येत होता. कातळावरून एक कोल्हा चालला होता. आमच्याकडे बघून तो पोट घासत मागे सरला. टिटव्या ओरडत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या.

"लव्या... माझ्या पाठीक कोणतरी टेकलाहा. मागे बघू नको."

चढावर इंजिन बंद पडलं. लवू रडकुंडीला आला. "संपला सगळा," एवढंच म्हणाला. दोष माझा होता, आणि मित्राचं लग्न माझ्या पाणमांजरांपायी मोडणार होतं. वाटेतल्या देवांना द्यायच्या अक्षता माझ्या खिशात होत्या. मूठ भरली, हात पाठीमागे नेला आणि देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं.

"चुकलंव, महाराजा. आमच्या लव्याचा लगीन आसा. ह्या आमंत्रण घे. पाव्हणो म्हणान ये, मांडवाच्या सावलेत बस... पण आमका मुहूर्तार पोचव!"

थंड, कोरड्या बोटांनी माझी मूठ हळूच उघडली.

आणि गाडी निघाली! इंजिन बंद, समोर चढ, तरी गाडी सुसाट. लवू आधी किंचाळला, मग हसायला लागला, मग आम्ही दोघेही वेड्यासारखे ओरडत सुटलो. वाऱ्याने त्याचा फेटा उडाला. बाराला पाच कमी असताना आम्ही भाईंच्या मांडवात शिरलो. ताशेवाल्यांनी ताशे बडवले, सुशीला बोहल्यावरून सरळ हसली, आणि खुद्द भाईंनी लवूला मिठी मारली. असं लग्न मी पुन्हा पाहिलं नाही. संध्याकाळी प्रत्येक पाहुण्याच्या हातात नारळ ठेवून भाईंनी निरोप दिला. परतताना गाडी हलकी होती, आणि मी खुशीत शीळ वाजवत होतो.

दिवाळसणाला मी लवूबरोबर पुन्हा जामसंड्याला गेलो. घर भरभराटीला आलेलं. भात दुप्पट पिकलं होतं, भाईंचा रागसुद्धा निवळला होता. सुशीलाची आई, मथुराकाकी, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुमच्यावांगडा गाडयेर बसान इल्लो तो पाव्हणो अजून गेलो नाय."

पडवीच्या टोकाला एक बाकडं होतं. तिथे कुत्रं फिरकत नव्हतं. तिथे पाल्याचा वास होता.

"त्याका नारळ कोणी दिल्यानच नाय. तू आणलंस, तूच दी."

तिन्हीसांजेला मी बाकड्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे धरला. "महाराजा, लगीन बरा झाला. आता निरोप घे..."

हातातला नारळ उचलला गेला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग अंधारातून तोच नारळ परत आला आणि माझ्याच ओंजळीत ठेवला गेला, निघणाऱ्या पाहुण्याला यजमान देतो तसा. शेंडीजवळ ओलं कुंकू लावलेलं होतं.