हरकतराव आणि एकच जागा

भर दुपारी दिवे लावावेत इतकं आभाळ भरलेलं, आणि जिल्हा औषधभांडाराच्या दारात एक ओलाचिंब माणूस उभा. छत्री होती, पण ती त्यानं काखेतल्या फायलींवर धरली होती.

"आत या की," भांडार सांभाळणारी बाई म्हणाली. "कागद वाळतील, माणसाला ताप येतो. आणि तापाच्या गोळ्या संपल्यात."

त्यानं भेटवहीत सही केली. ते डावीकडे कललेलं अक्षर दिसलं मात्र, तिच्या हातातलं खोकं खाली पडलं.

"म्हणजे... हरकतराव तुम्ही?"

नाव तिनंच ठेवलेलं. सात वर्षं तिची प्रत्येक मागणी राजधानीत याच्या टेबलावर जायची आणि हरकत घेऊन परत यायची. खोटं कशाला सांगू, एकदा सापाच्या विषावरचं औषध मागवलं, ते येईपर्यंत साप म्हातारपणानं मेला! पण एका वर्षी 'आजारपणामुळे मागणीस विलंब' असं तिनं लिहिलं, तर हरकतीखाली बारीक अक्षरात आलं, 'आता बरं आहे ना?' तिनं उलट टपाली लिहिलं, 'बरं आहे. चौकशीचं कारण कळवावं.' तेव्हापासून दोघं फायलीच्या समासात बोलत होती. बघितलं मात्र आज.

"आता फाइल वर येणार नाही," तो म्हणाला. "सगळे अधिकार जिल्ह्यांना. माझं टेबल मोडलं. सोमवारी पार दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात हजर व्हायचंय. तीन दिवसांचा प्रवास."

"बरंच झालं की. औषधं वेळेवर येतील."

"हो... बरंच झालं."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"तुमच्याकडे एक जागा रिकामी आहे म्हणे," तो खोक्यावर बसत, तिच्याकडे न बघता म्हणाला. "कारकुनाची ठरवलीत, तर मी इथंच—"

जागा होती. एकच. कारकून घ्या, नाहीतर नदीपलीकडच्या दवाखान्याला नर्स, ठरवायचं जिल्ह्यानं. जिल्ह्याच्या समितीत सात माणसं, पण लिहायचा सातही जणांना कंटाळा. बाई लिहील त्याखाली सह्या. नदीपलीकडे दोन वर्षं नर्स नव्हती, आणि गेल्याच महिन्यात एक बाळंतीण इकडे आणताना नावेतच गेली. पूर्वी अशा वेळी वर बोट दाखवून मोकळं होता यायचं. आता वर कुणीच नव्हतं.

तिनं कागद ओढला. "कारकून कशासाठी हवा म्हणून लिहू?"

"लिहा... उमेदवाराला भांडारातल्या बाई आवडतात."

"नियमात बसतं का हे?"

"नियम आता तुम्हीच करायचे."

ती हसली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग पेन बराच वेळ कागदावर नुसतंच टेकून राहिलं. शेवटी चाललं, ते भरभर चाललं. समोर बसून उलटं वाचायची त्याला नोकरीतली सवय. 'नर्स' हा शब्द त्यानं वाचला, आणि फायली एकावर एक नीट रचू लागला.

"मला तुम्ही हवे होतात हो," ती म्हणाली. "आई अंथरुणाला खिळली नसती तर आजच तुमच्या मागे निघाले असते. आणि पहिल्यांदा सगळं माझ्या हातात होतं, तर..."

"कारकून लिहिलं असतंत तर मी राहिलो असतो," तो हळूच म्हणाला. "आनंदानं राहिलो असतो. आणि नदीवर नाव दिसली की दोघांनी माना फिरवल्या असत्या."

बस त्याला घेऊन गेली. सह्या दुसऱ्या दिवशी सकाळीच झाल्या. तिनं नर्सच्या जागेची जाहिरात बाहेरच्या भिंतीला लावली. दमट हवेनं खळ धरेना, कागद सुटू लागला. ती दोन्ही तळव्यांनी तो दाबून तशीच उभी राहिली. कपाळही टेकवलं तिनं. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई किती मन लावून काम करते!