आटपाडीच्या बाजारातली इंटरनेटची सभा

फलकाची दोरी स्वप्नालीनं सोडली खरी, पण फलकाखाली माणूस उभा आहे हे तिला दिसलंच नव्हतं. 'फुकट इंटरनेट! आजच घ्या!' असं छापलेलं ते भलंमोठं पिवळं कापड धपकन खाली आलं आणि आतून आवाज आला, "अहो... अहो, कोण आहे?"

आधी एक हात बाहेर आला, मग विस्कटलेले केस, मग चेहरा. चिडायला निघालेला तो चेहरा तिला बघून मध्येच थांबला.

"ताई, हे काय?"

"मी तुमची ताई नाही. आणि ही भिंत तुमच्या कंपनीची नाही."

त्यानं वळून पाहिलं. कापडानं झाकलेल्या भिंतीवर गेरूची अक्षरं होती – 'इंटरनेट सर्वांना सारखे. जाहीर सभा, डिसेंबरचा शेवटचा शनिवार, बाजार चौक.' खाली पक्षाचा झेंडा.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला. "तुमचं?"

"माझ्या वडिलांचं." ती जरा थांबली. "होतं."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. कापडाची नीट घडी घातली आणि आपलं टेबल भिंतीपासून बाजूला ओढलं. एवढंच. पण ते 'होतं' ऐकून गेल्या काही दिवसांत सगळ्यांनी काही ना काही बोलून घेतलं होतं. गप्प राहिलेला हा पहिलाच.

अण्णा, म्हणजे तिचे वडील कॉम्रेड ज्योतिबा, भिंत रंगवली त्याच आठवड्यात गेले. आयुष्यभर पाण्याच्या समान वाटपासाठी भांडलेला माणूस म्हातारपणी इंटरनेटवर बोलायला लागला, तेव्हा गावाला गंमत वाटली होती. सांगलीच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेली स्वप्नाली तेराव्यानंतर परत जायची होती. ती गेली नाही. भिंतीवर शनिवार लिहिला होता आणि शनिवार अजून यायचा होता.

"एक विचारू?" टेबलामागून तो म्हणाला. "मी जयराज. कोरेगावचा. लोकांना फुकट मिळतंय, त्यात तुमच्या पक्षाचं काय बिघडतं?"

"फोन काढा."

"माझा?"

"तुमच्या त्या फुकट कार्डाचा. आणि आता सांगोल्याचा आजचा डाळिंबाचा भाव दाखवा."

जयराजनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कान लाल झाले. "हे... यात येत नाही."

"मग काय येतं?"

"हवामान. बातम्या. थोडं मनोरंजन. कंपनीशी ज्यांचा करार झालाय ते सगळं."

"म्हणजे पाट गावातून जाणार, पण कुणाच्या रानात पाणी सोडायचं ते पाटकरी ठरवणार. ह्यासाठी भांडले का आमचे अण्णा?"

तो हसला. थट्टेचं हसू नव्हतं ते. "ग्रंथालयात एवढं मोठ्यानं बोलू देतात तुम्हाला?"

"मी ग्रंथालयात आहे हे कुणी सांगितलं?"

"तुम्ही येईपर्यंत अख्खा बाजार तुमच्याबद्दलच बोलत होता," तो म्हणाला, आणि ह्या वेळी लाल व्हायची पाळी तिची होती.

पक्षाच्या कचेरीत मात्र कुणी हसलं नाही. तालुक्याचे सचिव हंबीरराव अण्णांचे जुने सोबती. त्यांनी खुर्ची पुढं केली.

"पोरी, आपुन शनवारी शोकसभा घिऊ. त्ये इंटरनेटचं शेरातल्या पोरान्ला बघू दे."

"काका, वरच्या कमिटीनं भूमिका घेतलीय. सगळ्या संकेतस्थळांना सारखी वाट, कंपनीनं कुणाला पुढं-मागं करायचं नाही. सरकारनं लोकांची मतं मागवलीत. आपल्या तालुक्याचा ठराव गेला पाहिजे."

"भूमिका हाय, न्हाई कोन म्हनतंय? पर हितं पियाला पानी न्हाई गं."

"अण्णांना पाणी कळत नव्हतं?"

हंबीररावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शोकसभा नको," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तरी मी एकटी उभी राहीन."

शनिवारी ती एकटी नव्हती. शेरडं विकून झालेले मेंढपाळ, डाळिंबाचे क्रेट उतरवणारी माणसं, कॉलेजातून सुटलेल्या मुली, चहाचे पेले हातात घेतलेले बघे. हंबीररावही आले होते, पण हाताची घडी घालून कडेला उभे. डिसेंबरचा वारा माणदेशातली धूळ उडवत होता आणि स्वप्नालीच्या हातातला माइक गार पडला होता.

अण्णांच्या सभेची एक रीत होती. पाणी आधी शेवटच्या रानाला, तसाच माइक आधी शेवटच्या माणसाला. पुढाऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी.

"सगळ्यात मागं कोण आहे?" तिनं विचारलं.

माना वळल्या. सगळ्यात मागं, कंपनीच्या पिवळ्या टी-शर्टात, जयराज उभा होता.

खसखस पिकली. "दुश्मनाला माइक दितीया का पोर!" म्हातारी हरणाबाई शेरडाची दोरी सावरत म्हणाली. रीत मोडायला स्वप्नालीला एक शब्द पुरला असता. तिनं माइक मागं पाठवला.

जयराजनं घसा साफ केला. "माझे वडील फौजेत होते. आई कोरेगावात. ट्रंक कॉल लावायला आई पोस्टात जाऊन बसायची, दिवस-दिवस. कुणी म्हणालं असतं, थोडंसं फुकट घे... तर आईनं घेतलं असतं. काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं, असं मला वाटतं. खोटं बोलणार नाही."

एक-दोन माना हलल्या. खरं बोलला होता तो, म्हणून उत्तर अवघड होतं. माइक हातोहात फिरून तिच्याकडं आला.

"तुमच्या आईला बोलायचं कुणाशी होतं?"

"वडिलांशी." तो माइकशिवायच ओरडला.

"आणि कंपनी म्हणाली असती, बाई, नवऱ्याशी बोलायचे पैसे पडतील, पण आमच्या साहेबाशी फुकट बोला. दिवसभर बोला. तर?"

आधी कॉलेजच्या मुलींना हसू फुटलं, मग सगळ्या चौकाला. "काय करायचाय सायेब!" हरणाबाई ओरडली. "माजा म्हातारा बरा हाय!"

जयराजही हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. स्वप्नाली हसली नाही. हसली असती तर रडू आलं असतं. ती सरळ ताठ उभी राहिली आणि ठराव वाचला. कुठलाही माणूस, कुठलीही माहिती, सगळ्यांना एकच वाट. ती वाट कुठल्याही कंपनीनं अडवू नये.

"बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. बांगड्यांचे, घट्ट्यांचे, मेंदीचे. कडेला हंबीररावांची घडी सुटली, तोही हात वर आला. आणि सगळ्यात मागं एक पिवळी बाही... वर गेली आणि वरच राहिली. कुणीतरी फोननं फोटो काढला. जयराजनं तोंडसुद्धा फिरवलं नाही.

संध्याकाळपर्यंत तो फोटो कंपनीच्या साहेबाकडं पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. स्टँडवर ती सांगलीच्या गाडीची वाट बघत बसली होती. जयराज आला. साधा निळा शर्ट, खांद्याला बॅग.

"कामावरून काढलं?" तिनं विचारलं.

"काढलं."

"हात का वर केलात?"

"तुमचं पटलं म्हणून." तो खालीच बघत होता. "आणि... नुसतं पटलं असतं तर एवढा वेळ वर ठेवला नसता."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

"आता?"

"कराडला मित्राचं दुकान आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तिथं जाईन." तो थांबला. "कराडहून सांगली लांब नाही."

"नाही," ती म्हणाली. "लय लांब नाही."

तेवढ्यात हंबीरराव आले, पोहोचवायला, हातात डाळिंबांची पिशवी. आणि हंबीररावांचा आवाज म्हणजे जन्मभर माइकशिवाय सभा घेतलेला आवाज.

"ठराव रवाना केला, पोरी! आन् ह्यो कोन गं? कालचा कंपनीवाला न्हवं?"

पेपर वाचणारे थांबले. कंडक्टर वळला. बाकावरची हरणाबाई तर सरकून जवळच आली.

"आता कंपनीवाला नाही," स्वप्नाली उठून उभी राहिली. आवाज कालच्यासारखाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "काका, ह्याच्याशी मी लग्न करणार आहे. ह्याला अजून सांगितलेलं नाही."

जयराजच्या खांद्यावरची बॅग खाली पडली.

"जातीतला न्हाई, कालच बाजारात कळलंय मला," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले. "भाषनात सोपं असतंय पोरी. दोन्ही घरं उठतील."

"उठू देत. भांडायला अण्णांनी शिकवलंय. माघार घ्यायला कुणी शिकवलंच नाही."

म्हाताऱ्यानं डाळिंबांची पिशवी तिच्या हातात दिली. मग जयराजकडं वळला. "आन् तू रं? तुजं काय म्हननं?"

जयराजनं खाली पडलेली बॅग उचलली. गाडी आत वळत होती, माणसं जागेसाठी धावत होती, पण त्या तिघांभोवतालचं कुणी हललं नाही.

"मी..." तो म्हणाला, "सांगलीचं तिकीट काढतो. दोन."