अध्यक्षांचा झगा

एकोणीसशे अडुसष्ट सालची गोष्ट. पटत नसेल तर सोडून द्या, पण रचलेली समजू नका. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या बाबतीत हे घडलं आहे. त्यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

रात्र नव्हती. अंधार नव्हता. लख्ख उजेड होता, आणि जागा होती चॅपलच्या मागची, झगे ठेवायची खोली.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भावजी, एका कॅथलिक विद्यापीठात इतिहास शिकवायचे. तिथे आजवरचे सगळे अध्यक्ष फादरच झाले होते. त्या वर्षी पहिल्यांदाच संसारी माणसाला त्या खुर्चीवर बसवायचं ठरलं, आणि नाव निघालं भावजींचं. विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांचा इतिहास त्यांनी नुकताच लिहून संपवला होता.

"दुसऱ्यांचा इतिहास लिहिता लिहिता स्वतःच त्यात जाऊन बसलो बघ," ते ताईला म्हणाले.

"बसा खुशाल. पण जेवायला घरी या," ताई म्हणाली.

असं त्यांचं चालायचं. ती त्यांना 'मास्तर' म्हणायची. ते जिना चढताना शीळ घालायचे. खालून शीळ ऐकू आली की ही चहाचं आधण ठेवायची. बावीस वर्षांचा संसार, पण त्यात कधी शिळेपणा आला नव्हता.

ताई शिवणकाम करायची. वेदीवरची वस्त्रं, फादरांचे अंगरखे, पदवीदानाचे झगे, सगळं तिच्याकडेच यायचं. त्यामुळे अध्यक्षांचा झगाही तिच्याच टेबलावर आला.

तिथे नव्या अध्यक्षासाठी नवा झगा शिवायची पद्धत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या एकच झगा. जाड काळं लोकरी कापड, आत जांभळं अस्तर. कापडाला कात्री लावायची नाही. नवा माणूस आला की त्याच्या मापाने शिवणी आत घ्यायच्या, नाहीतर सोडायच्या. आणि पदग्रहणाच्या दिवशी मागच्या अध्यक्षांनी आपल्या हातांनी तो नव्याच्या खांद्यावर चढवायचा.

ताईने झगा हँगरला लावला आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

उजवा खांदा उतरलेला होता. चांगला दोन बोटं खाली.

'कुणी शिवलाय हा? डोळे मिटून?' ती स्वतःशीच पुटपुटली. तिने झगा टेबलावर पसरला, टेप लावली.

दोन्ही खांदे सारखे.

पुन्हा हँगरला लावला.

उजवा खाली...

हँगर बदलून पाहिला. खिळा बदलून पाहिला. तेच.

ताई कामात हार मानणारी नव्हती. तिने उजव्या खांद्यात कापसाची छोटी गादी भरली, वरून अस्तर टाचून टाकलं. आता दोन्ही खांदे एका रेषेत आले. झाली निर्धास्त.

पदग्रहणाला मागचे अध्यक्ष चाकांच्या खुर्चीतून आले. फार म्हातारे फादर. त्यांनी भावजींच्या खांद्यावर झगा चढवला. चढवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, किती मायाळू माणूस!

पुढे महिन्याभरात ताई भावजींसाठी कोट बेतायला बसली. पाठीला टेप लावली आणि तिचा हात थांबला.

"मास्तर, सरळ उभे राहा."

"सरळच आहे."

"नाही. उजवा खांदा पाडलाय तुम्ही."

"अध्यक्षपदाचा भार आहे बाईसाहेब, खांदा पडायचाच," ते हसून म्हणाले.

ताई हसली नाही. त्यांचे सगळे सदरे तिनेच शिवले होते. ते खांदे पट्टीने आखल्यासारखे होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यानंतर एकेक बदलत गेलं.

आधी शीळ बंद झाली. ताई आधण ठेवायची वाट बघत राहायची, आणि भावजी केव्हाच येऊन खोलीत बसलेले असायचे. दिवा न लावता.

मग त्यांच्या उजव्या हातातून कप निसटला. मग पेन. मग एकदा चष्मा.

मी तेव्हा ताईकडे राहायला गेले होते. जेवताना पाहिलं, तर भावजी डाव्या हाताने खात होते. मी काही म्हणणार, तेवढ्यात ताईने टेबलाखालून माझा पाय दाबला.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. नसा ठीक, हाडं ठीक, रक्तदाब तरण्या माणसाचा. "थकवा आहे," म्हणाले.

ताईला मात्र झग्याचा तो दोन बोटं उतरलेला खांदा आठवत होता. स्थापना दिन तोंडावर आला होता, आणि त्या दिवशी भावजी झगा घालून उभे राहणार होते. एकदा अंगावर चढवला तर ही गत. दुसऱ्यांदा काय होईल?

एका दुपारी ती विद्यापीठात गेली. परीक्षा चालू होत्या, सगळीकडे चिडीचूप. चॅपलच्या बाजूला लांब ओसरी होती, तिथे सगळ्या माजी अध्यक्षांची तैलचित्रं टांगलेली. ताईने आयुष्यात कधी ती नीट पाहिली नव्हती. त्या दिवशी शिंपिणीच्या नजरेने पाहिली.

पहिले अध्यक्ष. दोन्ही खांदे सरळ.

दुसरे अध्यक्ष खुर्चीत बसलेले. उजवा हात शालीखाली झाकलेला.

तिसरे...

उजवा खांदा खाली.

चौथे. खाली. त्यापुढचे. खाली. ओळीने सगळ्यांचा तसाच, अगदी चाकांच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या फादरांपर्यंत. चित्रकार वेगवेगळे, चेहरे वेगवेगळे, आणि खांदा मात्र एकच.

तेवढ्यात झगे ठेवायच्या खोलीतून आवाज आला.

सर्र... टप.

कुणीतरी एक पाय ओढत चालत होतं.

सर्र... टप.

"कोण आहे?" ताईने विचारलं.

आवाज थांबला. तिने जाऊन दार ढकललं. खोलीत कुणीही नव्हतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. भिंतीशी झगा टांगलेला होता, आणि उजव्या खांद्यातली तिने भरलेली गादी... पार चपटी झाली होती. जणू कुणी तिच्यावर रेलून उभं राहिलं होतं.

ताई तशीच आजारी फादरांना ठेवतात त्या घरी गेली. म्हातारे फादर खिडकीत बसले होते.

"फादर, तुमचा खांदा..."

"उतरलाय ना? शिंपिणीची नजर!" ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, म्हातारपण. मी म्हटलं, म्हातारपण काय एकाच बाजूने येतं होय रे?"

स्वतःच्याच विनोदावर ते जरा हसले. मग हळूहळू सांगायला लागले.

दुसऱ्या अध्यक्षांची उजवी बाजू लकव्याने गेली होती. तरी त्यांनी खुर्ची सोडली नाही. दोघं जण धरून उभे करायचे, झग्याखाली सगळं झाकलं जायचं. मला या झग्यातच पुरा, एवढंच ते मागत होते. पण ते गेले आणि आठवड्यावर पदवीदान. नवा झगा कुठून आणायचा? तिसऱ्या अध्यक्षांनी तो त्यांच्या अंगावरून काढून घेतला.

"काढताना उजवी बाही म्हणे निघतच नव्हती," फादर म्हणाले. "मला हे माझ्या आधीच्यांनी सांगितलं. झगा चढवून झाल्यावर."

"आणि तुम्ही मास्तरांना आधी का नाही सांगितलंत?"

फादर आपला उजवा खांदा चाचपत म्हणाले,

"पोरी, मला वाटलं, माझं उतरेल. थोडं उतरलंही. पण सगळं नाही उतरत गं."

ताईने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. नुसती उठून आली. रात्री मला म्हणाली, "त्याला टेकायला जागा नव्हती नीट. मी गादी भरून दिली."

स्थापना दिनाच्या सकाळी आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी त्या खोलीत पोचलो. ताईने ठरवलं होतं, झगा पिशवीत भरायचा, शिवण उसवली म्हणून सांगायचं, मास्तरांना साध्या कोटावर पाठवायचं. पुढचं पुढे.

तिने झगा खिळ्यावरून काढला, आणि तेवढ्यात ओसरीवर...

सर्र... टप.

सर्र... टप.

ताईने माझा हात घट्ट धरला. दार उघडलं.

भावजी होते.

उजवा पाय ओढत आत आले. तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबला होता.

"बाई, झगा," ते म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांनी तिला असं तुसड्यासारखं कधी बाई म्हटलं नव्हतं.

"आज नाही मास्तर. कोटावर चला."

"मागच्या वेळी काढून घेतलात." आवाज त्यांचाच होता, पण शब्द ओढत ओढत येत होते. "आता नाही."

डाव्या हाताने त्यांनी झग्याची बाही पकडली आणि खेचली. माझे शांत, पुस्तकातले भावजी! ताई फरफटत पुढे गेली. मी मध्ये पडले तर मला ढकलून दिलं. बाहेर घंटा सुरू झाली होती, लोक चॅपलमध्ये जमत होते. तिच्या हातातून कापड सुटत चाललं होतं.

मग ताईने जे केलं ते त्या वास्तूत कुठल्याही बाईने केलं नव्हतं.

ती गर्रकन वळली. झगा स्वतःच्या खांद्यावर घेतला, दोन्ही हात बाह्यांत घातले, आणि गळ्याशी आकडा अडकवला.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग ती उजवीकडे झुकली... भरलेलं पोतं अचानक खांद्यावर टाकल्यावर माणूस झुकतं तशी. तोंडातून एवढंच निघालं, "आई गं..."

भावजी डोळे मिचकावत उभे होते.

"अगं, हे काय घातलंयस?" ते म्हणाले. "कुणी पाहिलं तर मला पहिल्याच वर्षी घरी बसवतील!"

हे ते दोन्ही हातांनी टाय सारखा करत म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शिवण उसवलीय झग्याची. आज कोटच चालेल."

ते गेले. ओसरीवरून शीळ ऐकू आली. ताईने ती शेवटपर्यंत ऐकली, आणि मग मला म्हणाली, "काढ आता हे."

डावी बाही निघाली.

उजवी निघेना.

मी ओढत होते, ती दात ओठ खात होती. शेवटी एकदाची सुटली. मी झगा हँगरला लावला आणि जागच्या जागी थिजले.

दोन्ही खांदे... एका रेषेत होते.

म्हातारे फादर त्या दिवशी पहिल्या रांगेत ताठ बसले होते, म्हणतात. वर्षभराने झोपेत गेले. भावजी बारा वर्षं अध्यक्ष राहिले. त्यांचं तैलचित्र ओसरीत आहे, खांदे सरळ. झगा अजून वापरात आहे आणि नंतर कुणालाही काही झालेलं नाही.

ताईचा उजवा हात मात्र वर्षभरात गेला. ती डाव्या हाताने शिवायला शिकली, टाके वाकडे यायचे, त्यावर स्वतःच हसायची. भावजींना शेवटपर्यंत तिने सांगितलं, अर्धांगवायूचा झटका आहे, आमच्या घराण्यातच आहे. आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं.

ती गेल्यावर मीच भावजींना विचारलं, त्या सकाळचं काही आठवतं का?



"एवढंच आठवतं," ते म्हणाले, "की एकदम फार हलकं वाटलं. पुढे तिचा हात पाहिला. दोन्हीची सांगड घालायची हिंमत मी कधी केली नाही. तिने शीळ घालायला सांगितली की घालायचो."

दोन वर्षांनी तेही गेले.

ताई गेली त्या दुपारी तिच्याजवळ मी एकटीच होते. तिचा उजवा हात मी माझ्या हातात घेतला होता. ती म्हणत होती, सोड गं, सोड. मी सोडला नाही.

हे मी भावजींना सांगितलं नाही. हल्ली माझ्या उजव्या हातातून कप निसटतो, म्हणून डॉक्टरांकडे जाते; त्यांनाही अजून सांगितलेलं नाही.